मालुबाईचा नंबर

खडेबाजाराजवळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात रूपाली नर्स आहे. कुणाला कधी आत सोडायचं ते तिच्याच हातात. तेव्हा तिच्या सख्ख्या आज्जीला डोळे दाखवायचे असतील तर त्यात अवघड काय, असं कुणालाही वाटेल. आज्जीनं जेवणखाण आटोपून निवांत यावं, नातीनं दार किलकिलं करावं, काम झालं. पण ही आज्जी म्हणजे येळ्ळूरची मालुबाई. ती पहिल्या गाडीनं बेळगावात उतरली, दवाखान्याचं शटर उघडायच्या कितीतरी आधी पायरीवर जाऊन बसली, आणि पिशवीतून एक दगड काढून तिनं पायरीच्या कडेला ठेवला. नंबर लागला.

रूपाली कामावर आली तेव्हा पायरीवर दगड, दोन चपला, एक पाण्याची बाटली आणि कुणाची तरी नायलॉनची पिशवी अशी ओळ लागली होती. माणसं समोर चहा पीत होती. दगड ओळखीचा निघाल्यावर रूपालीनं कपाळाला हात लावला. आज्जी आत ये, तुला कसला नंबर, असं तिनं हळूच म्हणून पाहिलं. मालुबाईनं चारचौघांत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की तू तुझं काम कर, माझा नंबर आला की हाक मार, आणि आज्जी म्हणून मारू नकोस, नाव घेऊन मार. मग नातीला सगळ्यांसमोर "मालुबाई मारुती" असा पुकारा करावा लागला. मालुबाईनं दगड उचलला, पदरानं पुसला, पिशवीत टाकला आणि आत गेली. आत डॉक्टरांनी सांगितलं की चष्म्याचा नंबर वाढलाय. कधी नव्हे तो रांगेत न थांबता वाढलेला हा तिचा एकमेव नंबर.

हा दगड कुठलाही उचललेला नव्हे. कुणीही पाय लावून बाजूला सारावा असला सोम्यागोम्या दगड मालुबाई वापरत नाही. लग्न होऊन ती येळ्ळूरला आली त्या वर्षी भाताची रोपं लावताना चिखलात तो तिच्या अंगठ्याला लागला. चपटा, काळा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. तिनं तो बांधावर ठेवला, संध्याकाळी घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी गावच्या नळावर घागरीच्या ओळीत मांडला. तेव्हापासून तो तिचा माणूस आहे. पिठाच्या गिरणीत, रेशन दुकानात, गॅसच्या गाडीमागं, सरकारी दवाखान्यात, जिथं जिथं उभं राहायचं तिथं तिथं तो उभा राहिलाय. येळ्ळुरात तो शेंबडं पोरगंही ओळखतं. बेळगावात बाजारात भाजी विकणाऱ्या कानडी बायाही तो दिसला की "अज्जीदु", म्हणजे आज्जीचा, म्हणतात आणि आपली टोपली त्याच्या मागं ठेवतात.

नंबर हा शब्द मुळात साहेबाचा. साहेब कधीच गेला, शब्द मात्र इथं जावयासारखा बसून राहिला आणि आता उठायचं नाव काढत नाही. येळ्ळुरात त्याच्याशिवाय पान हलत नाही. शेताला सर्व्हे नंबर, मोबाईलला नंबर, दहावीला पोराचा नंबर आला तर पेढे, शर्यतीत बैलांचा नंबर आला तर गुलाल. झणझणीत मटण खाल्लं की एक नंबर, आणि ज्याच्या घरचं खाल्लं त्याचा पैसा दोन नंबरचा, हे हात धुताना बोलायचं. लबाड माणूस नंबरी. कॉलेजात प्रवेश मिळाला तर नंबर लागला, साहेबानं झापलं तरी नंबर लागला, आणि गल्लीतलं एखादं म्हातारं गेलं की पारावरची बाकीची म्हातारी एकमेकांकडं बघून आता कुणाचा नंबर म्हणतात आणि हसतात. मालुबाईचे यजमान मारुतीराव उद्यमबागेतल्या फौंड्रीतून निवृत्त झाल्यापासून त्याच पारावर पेपर वाचतात. ते म्हणतात, आपण सीमाभागातल्या लोकांनी पण दिल्लीच्या कोर्टात जाऊन दगड ठेवलाय, फक्त पुकारणारा अजून आलेला नाही.

मालुबाईला या सगळ्या अर्थांशी देणंघेणं नव्हतं. तिच्या लेखी नंबर म्हणजे माणसाची जागा. माणूस असो, नसो, चहा प्यायला गेलेला असो, जागा त्याचीच. ती ओलांडणं म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणं. एकदा रेशन दुकानात पंचायतीच्या मेंबरचा माणूस थेट पुढं जाऊन अंगठा लावायला लागला. मालुबाईनं आपला दगड उचलून यंत्रापाशी नेऊन ठेवला आणि त्याला म्हणाली, हा तुझ्या आधी आलाय, ह्याचा अंगठा घे. सगळं दुकान हसलं आणि तो माणूस मागं जाऊन उभा राहिला.

ती निर्दय होती असं मात्र नाही. कुणाचं मूल तापानं फणफणलेलं असलं, कुणाला परत जायची गाडी चुकायची असली, तर तीच ओळीत फिरून सगळ्यांना विचारायची. पण त्यातही तिचा कायदा होता. नंबर घेता येत नाही, देता येतो. आणि ज्याचा आहे त्यानं तो आपल्या तोंडानं दिला पाहिजे. मागून कुणी "त्यांना चालतंय, त्यांना चालतंय" म्हणून चालत नाही.

तर अशा बाईच्या घरात दिवाळीनंतर एक स्थळ आलं.

स्थळ निपाणीचं. मुलगा सौरव, वडिलांचं शेतीच्या औजारांचं दुकान, मुलगा शिकलेला, हसरा, दुकानात बसायची लाज नसलेला. त्याला मुलगी पसंत होती, मुलीलाही तो पसंत होता, दोघं कुणाच्या तरी लग्नात भेटले होते आणि त्यानंतर फोनवर किती भेटले हे विचारायची कुणाला हौस नव्हती. हुंडा नको, मानपान नको, फक्त तुळशीच्या लग्नानंतर लवकरचा मुहूर्त धरा, एवढंच त्यांचं म्हणणं. मालुबाईचा मुलगा परशराम आणि सून मंगल यांना तर आकाश ठेंगणं झालं. अडचण एकच होती. स्थळ धाकट्या स्नेहलला आलं होतं, आणि थोरली रूपाली अजून बिनलग्नाची होती.

मालुबाईनं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. आधी थोरलीचा नंबर.

घरात पहिल्यांदा कुणी फार मनावर घेतलं नाही. म्हाताऱ्या माणसानं एकदा नाही म्हणायचं असतंच. पण आठवडा गेला तरी ती तसूभर हलली नाही. रूपालीला मागं टाकून स्नेहलच्या डोक्यावर अक्षता पडल्या तर मी मांडवात पाय ठेवणार नाही, असं तिनं परशरामला सांगून टाकलं. आई नसलेला मांडव परशरामला चालणार नव्हता, कारण त्याला लहानाचं मोठं केलं ते तिनं गिरणीच्या, नळाच्या आणि रेशनच्या ओळीत काखेत घेऊन. निपाणीचे लोक सज्जन होते, पण त्यांनीही निरोप पाठवला की ह्या महिन्यात काय ते कळवा, आम्हालाही माणसं विचारतायत. स्नेहल जेवेनाशी झाली. मंगल भांडी आपटायला लागली. मारुतीराव पेपर दोनदा वाचायला लागले.

यातली गंमत अशी की जिच्यासाठी एवढं चाललं होतं ती रूपाली रोज ड्युटीवरून येऊन हसत सांगायची, स्नेहलचं करा की, माझं काय?

तेवढं एक वाक्य कानावर पडलं की मालुबाई उठून आत जायची. कारण ते वाक्य तिनं पूर्वी एकदा ऐकलं होतं. शब्दासकट, फक्त नाव वेगळं.

मालुबाईचं माहेर खानापूरकडचं. दोघी बहिणी, थोरली राजाबाई, धाकटी मालू. येळ्ळूरचे मारुतीराव आले होते ते राजाबाईला बघायला. माणसं ओसरीवर बसली, पोहे झाले, आणि चहाच्या वेळी राजाबाईचं डोकं धरलं. ती घरामागच्या परड्यात जाऊन आडवी झाली. पाहुण्यांना किती खोळंबून ठेवायचं म्हणून आईनं चहाचा ट्रे मालूच्या हातात दिला. मालू चहा देऊन आली आणि येळ्ळूरकरांनी जाताना सांगितलं की चहा घेऊन आली ती मुलगी आम्हाला पसंत. वडील सुन्न झाले. थोरलीला बघायला आलेली माणसं धाकटीला मागून गेली, आता काय करायचं? तेव्हा राजाबाई परड्यातून उठून आली आणि हसत म्हणाली, मालूचं करा की, माझं काय?

मालूचं झालं. राजाबाईला पुढं बरीच वर्षं घरी राहावं लागलं. थोरली राहिली, थोरली मागं राहिली, असं गावातल्या बायका पाणवठ्यावर बोलायच्या, आणि माहेरपणाला आलेल्या मालूला ते ऐकू यायचं. शेवटी सदलग्याच्या शामू नावाच्या शिंप्याशी राजाबाईचं लग्न झालं. पण तोवर मालुबाईच्या मनात जे रुतायचं ते रुतलं होतं. आपण बहिणीचा नंबर घेतला. आणि त्याहून वाईट, जे तिनं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, ते असं की घेताना तिला आनंद झाला होता.

त्यानंतर तिनं जन्मात कुणाचा नंबर ओलांडला नाही. दरवर्षी शेतातलं भात घरात आलं की देवापुढं मूठभर ठेवून तांदळाची पहिली पिशवी सदलग्याला जायची. घरात कुणी कारण विचारलं नाही. बहिणीची माया, एवढंच सगळ्यांना वाटायचं.

मंगलला हे काही माहीत नव्हतं, पण आपल्या सासूला कुणी हलवू शकलं तर ती मावशीच, एवढं तिला कळत होतं. तिनं सदलग्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी राजाबाई हजर.

राजाबाई आणि मालुबाई एका आईच्या पोटच्या आहेत हे सांगूनही खरं वाटत नाही. राजाबाई आयुष्यात कधी ओळीत उभी राहिली नाही. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, देवळात गाभाऱ्यातून बाहेर येणाऱ्यांच्या दारानं आत शिरायचं, जत्रेत जेवणाच्या पंगतीत बसलेल्या माणसाला "जरा सरकून घे की बाळा" म्हणून त्याच्याच पानावर बसायचं, आणि हे सगळं इतक्या गोड तोंडानं करायचं की समोरच्यानं वर पाणी आणून द्यावं. त्या दिवशीही ती निपाणीहून बेळगावला ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसून आली होती, आणि ती जागा कुणाकडून आणि कशी मिळवली ते तिनं चहा पिता पिता रंगवून सांगितलं. मालुबाईला ते ऐकवेना.

चहा झाल्यावर राजाबाईनं विषयाला हात घातला. पोरगं चांगलं आहे, मी निपाणीत चौकशी केली, दुकानात जाऊन स्वतः बघून आले, तू कशाला आडवी पडलीस? मालुबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. ओट्यावर मंगल होती, दाराच्या आड स्नेहल होती, खुर्चीत मारुतीराव पेपर घेऊन बसले होते. एरवी मालुबाई ह्यांच्यासमोर असलं काही बोलली नसती. पण एवढ्या वर्षांचं साठलेलं होतं आणि समोर खुद्द राजाक्का बसली होती. तिचा आवाजच बदलला.

"आक्का, तुझा नंबर मी घेतला. तू काय बोलली न्हाईस, पर मला ठावं हाय. तुझ्या पाठीमागं बाया काय बोलायच्या ते मी ऐकलंय. तेवढं एक पाप पुरं झालं. आता माझ्या नातीच्या हातनं दुसरं न्हाय व्हायचं."

राजाबाईनं बशी खाली ठेवली. तिला खरोखरच काही कळलं नव्हतं. "कुणाचा नंबर?" तिनं विचारलं.

मालुबाईनं मानेनंच खुर्चीकडं दाखवलं. राजाबाईनं खुर्चीकडं पाहिलं. पेपरकडं पाहिलं. आणि मग ती हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, शेवटी डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मंगलनं पाठीवरून हात फिरवला. हसू आवरल्यावर तिनं बहिणीला जवळ ओढलं.

"येडे, माझं डोस्कं कुठं दुखत होतं? पोहं खाऊन ह्यो बाबा वसरीवर खांबाला टेकून झोपला. बघायला आलेला माणूस, आणि घोरतोय. परड्यात मला ऐकू येत होतं. मी म्हटलं, जन्मभर हे कोण ऐकणार? मीच आईला सांगितलं, मालूला पाठीव."

पेपर किंचित खाली आला. मारुतीराव म्हणाले की ते झोपले नव्हते, डोळे मिटून वडीलधाऱ्यांचं बोलणं ऐकत होते. नाकानं का, असं राजाबाईनं विचारल्यावर पेपर परत वर गेला. दाराआडून स्नेहलचं खुसखुसणं ऐकू आलं. आठवड्यात पहिल्यांदाच ती पोर हसली होती. तिलाच काय, गल्लीतल्या चार घरांना मारुतीरावांचं घोरणं पाठ होतं.

मालुबाई मात्र हसली नाही. एवढी वर्षं उरावर घेतलेलं ओझं कुणी एकदम उचललं तर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. तिला आधी राग आला. बहिणीचा राग, आईचा राग, बिनकामाच्या त्या पहिल्या पिशव्यांचा राग.

"मग दरसाल माझा तांदूळ का खाल्लास?"

"चांगला हाय म्हणून," राजाबाई म्हणाली.

मग तिनं सांगितलं की सांगायचं तरी कसं होतं. नव्यानं नांदायला गेलेल्या बहिणीला, तुझ्या नवऱ्याला मी नापास केलाय, असं कोण सांगतं? पुढं पोरंबाळं झाली, विषय जुना झाला. बाया बोलायच्या ते खरं, पण त्यांचं ऐकायला मी पाणवठ्यावर ओळीत थांबायची कधी? आणि शामू मिळाला तो वाट बघितल्यामुळंच मिळाला. गरीब, पण रात्री गाढ झोपणारा, आवाज न करता. सदलग्यात सगळ्यांत चांगली चोळी माझ्या अंगावर असायची. माझं काय वाईट झालं, ते तरी सांग.

मालुबाई सुपातल्या तांदळावर बोट फिरवत राहिली. राजाबाईनं मग आवाज खाली आणला, तो फक्त बहिणीसाठी.

"मला तो नको होता. म्हणून मी बाजूला झाले. हवा असता तर तू चहा घेऊन जायच्या आत मीच त्याच्या म्होरं जाऊन बसले असते. मी कुठं थांबणारी हाय? पर तुला हवा होता, मालू. तू ट्रे घेऊन निघालीस तवा कपबश्यांचा खणखणाट परड्यापर्यंत येत होता."

आता मात्र मालुबाईच्या डोळ्यांना धार लागली. तो आनंद तिनं इतकी वर्षं चोरीच्या मालासारखा लपवून ठेवला होता. मारुतीरावांच्या फौंड्रीच्या पहिल्या पगाराचं लुगडं नेसतानाही तिला वाटायचं की हे दुसऱ्या कुणाच्या अंगावर शोभलं असतं. आणि ते तर तिचंच होतं, पहिल्या दिवसापासून. जिची जागा राखायला ती आयुष्यभर उन्हातान्हात उभी राहिली ती बाई ओळीत नव्हतीच. कधीची सदलग्याला जाऊन चांगल्या चोळ्या घालून बसली होती.

खुर्चीतून मारुतीरावांनी खाकरल्यासारखं केलं. मालुबाईनं तिकडं पाहिलं तर पेपर उलटा धरलेला होता. तिला ह्या माणसाची एकाएकी फार माया आली. तिनं उठून त्यांच्या हातातला पेपर सरळ करून दिला.

संध्याकाळी रूपाली ड्युटीवरून आली. हातपाय धुऊन ती चहाला बसली तेव्हा घरात सगळे तिच्याकडंच बघत होते. तिनं सवयीनं म्हटलं, स्नेहलचं करा की, माझं काय? एरवी इथं मालुबाई उठून आत जायची. आज ती समोर बसली.

"हे तू मनापासनं म्हणतीस, का आमच्यासाठी म्हणतीस?"

रूपालीनं कप खाली ठेवला. तिला कळलं की आज आज्जी खरंच विचारतेय. मग तिनं सांगितलं. हुबळीला ऑपरेशन थिएटरचा एक कोर्स आहे, त्याला तिनं अर्ज केलाय, डॉक्टरांनी शिफारस दिलीय. तिला ते काम आवडतं. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यावरची पट्टी काढली की ते पहिल्यांदा समोरच्या नर्सकडं बघतं, ते तिला फार आवडतं. लग्नाचं तिला वावडं नाही, पण सध्या तो विचार डोक्यात नाही, पुढं आला तर येईल. बघायला येणाऱ्या प्रत्येकासमोर ती बसली ती केवळ आज्जीला वाईट वाटू नये म्हणून.

"आज्जी, मी त्या ओळीत उभीच न्हाय. तूच माझ्या नावानं दगड ठेवलायस," ती म्हणाली. "तेवढा उचल."

मुलीच्या जातीनं लग्नाच्या ओळीत नसावं, हे काही मालुबाईला एका चहात पटणारं नव्हतं, आणि पटलं असं तिनं म्हटलंही नाही. पण आपल्याच बाजूला आपलीच बहीण बसली होती, आणि माणसाला न विचारता त्याची जागा राखणं काय असतं, ते तिला त्याच दुपारी समजलं होतं. तिनं पदरानं नाक पुसलं.

"मग तुझ्या तोंडानं सांग," ती म्हणाली. "धाकटीला सांग. सगळ्यांदेखत."

कायदा तो कायदा. रूपाली उठली, दाराआड उभ्या असलेल्या स्नेहलला हाताला धरून पुढं आणलं आणि म्हणाली, तू हो पुढं. स्नेहल तिच्या गळ्यात पडून रडायला लागली आणि परशराम निपाणीला फोन लावायला अंगणात गेला.

लग्न निपाणीला झालं. कार्यालय मोठं, माणूस उदंड, येळ्ळूरहून दोन गाड्या भरून वऱ्हाड गेलं. रूपाली हिरवी साडी नेसून करवली म्हणून मिरवत होती. पुढच्या सोमवारपासून तिला हुबळीच्या कोर्सला हजर व्हायचं होतं. पहिल्या पंगतीला अजून पानं मांडली जात होती तोवर राजाबाई एका पानावर बसलीसुद्धा होती. मालुबाईनं डोळे वटारले, पण पहिल्यांदाच तिला उठवावंसं वाटलं नाही. ती मागच्या पंगतीपर्यंत थांबली, आपला नंबर आल्यावर बसली.

तिच्या शेजारी येळ्ळूरचीच एक दूरची जाऊ बसली होती. पाणवठा गेला, तिथल्या बायका कुठं जाणार? जाऊबाईनं भात कालवता कालवता रूपालीकडं मान केली आणि आवाजात हळहळ आणून विचारलं, धाकटीचं झालं, आता थोरलीचं काय? मागंच राहिली की बिचारी.

ज्या वाक्याच्या भीतीनं तिनं हे लग्न मोडायला काढलं होतं तेच वाक्य तिच्या पानाशेजारी येऊन बसलं होतं. मालुबाईनं शांतपणे घास गिळला. मांडवाच्या टोकाला रूपाली मारुतीरावांना चष्मा पुसून देत होती आणि कशावरून तरी दोघं हसत होते.

"मागं राहायला तिनं नंबर कुठं लावलाय?" मालुबाई म्हणाली, आणि वाढप्याला हाक मारून जाऊबाईच्या पानात अजून एक जिलबी वाढायला सांगितली.